मदत हवी आहे : सीआर-३९ वर पांढरी साय धरते, खड्डे मोजता येईनात

नमस्कार मंडळी. लातूरला एमएस्सीच्या पोरांना चुंबकी एकध्रुवाचा (एकच चुंबकी ध्रुव असलेल्या, अजून न सापडलेल्या कणाचा) शोध कसा घेतात ते दाखवायचंय. एलएचसी या सर्नच्या कण-प्रवेगकावरच्या मोएडल प्रयोगात त्यासाठी प्लास्टिकचे थर लावतात; सीआर-३९ हे तसलंच प्लास्टिक. एकध्रुव आरपार गेला तर वाटेतल्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि कॉस्टिक सोड्यात बुडवल्यावर (एचिंग) तिथं शंकूसारखा खड्डा पडतो, दोन्ही बाजूंनी. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या सिद्धांतातला किमान चुंबकी भार ६८.५ इलेक्ट्रॉन-भारांच्या तोडीचा, म्हणजे आयनीभवन (वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवणं, ते भाराच्या वर्गानं वाढतं) तेवढ्याच वेगवान प्रोटॉनच्या साधारण ४,७०० पट!

आमच्याकडं फक्त अल्फा स्रोत आहे. अल्फा कण सीआर-३९ च्या तुकड्यात एकाच बाजूला मुरतो, तेवढ्यावर भागवतोय. ६ नॉर्मल कॉस्टिक सोडा (लिटरला २४० ग्रॅम), ७० अंश, ६ तास. धुतल्यावर तुकड्यावर साय येते, सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीला खड्ड्याची कड पुसट दिसते. संशय बोअरच्या जड पाण्यावर. उरलेल्या अल्कलीत त्यातला चुना खाली बसत असणार. त्यात लाइट गेली की बाथ ६२ अंशांवर उतरतो, आणि एचिंगचा वेग तापमानावर फार हलतो, त्यामुळं दोन बॅचच्या खड्ड्यांचे व्यास जुळत नाहीत.

पहिलं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं केलं तर पुरे, की आधी पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये बुडवावं? किती टक्के, किती मिनिटं? आणि इन्व्हर्टरशिवाय बाथ अर्ध्या अंशात कसा धरता?