उत्तरवाहिनी एका दिवसात : नागपूरकरांसाठी

नर्मदाकाठ एका दिवसात चालायचा, तर नागपूरहून कुठे जावं? चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा धरा, म्हणजे नर्मदा जिथे उत्तरेकडे वळते तेवढ्याच टप्प्याची पायी प्रदक्षिणा. गुजरातेत रामपुरा ते तिलकवाडा नदी उत्तरेकडे वाहते. दोन्ही काठ मिळून साधारण 20 किलोमीटर होतात. अहमदाबादकडे जाणारी गाडी पकडून बडोद्याला उतरा, पुढे रस्त्याने.

परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला हवी. म्हणून रामपुऱ्याहून मांगरोळ, गुवारमार्गे उत्तरेला जायचं, नावेनं तिलकवाड्याला उतरायचं आणि वासण, रेंगणवरून पुन्हा नदी ओलांडून परत यायचं. नदीच्या वरच्या अंगाला सरदार सरोवर धरण आहे. पाणी सोडलं की पात्र चढतं आणि नावा थांबतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी घाटावर विचारून घ्याच. शनिवार-रविवार टाळा, नावेच्या रांगेतच सकाळ जाते.

पहाटे चारला निघा. नागपूरच्या उन्हाची सवय आहे म्हणून गाफील राहू नका. आपल्याकडे हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. नदीकाठच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो आणि अंग थंड होत नाही. जलसंजीवनीची पुडी एक लिटरची की 200 मिलीची, ते वाचूनच कालवा. घट्ट झाली तर उलट त्रास होतो.

फोड येतात ते वाळूमुळे. ओला पाय तसाच बुटात घातला की बोटांच्या बेचक्यात वाळू चिकटते आणि कातडी घासते. नावेतून उतरल्यावर पंचाने पाय कोरडे करा, खोबरेल चोळा, दुसरे मोजे चढवा. या पाच मिनिटांत कंजुषी नको.