गच्ची वॉटरप्रूफिंगचं डॉट इन नाव (डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता) विकायचंय, भाव कसा काढू?

ठाणेकर: नाव दोन शब्दी, नवी मुंबईपुरतं. किंमत कशी ठरवू, वाढवू कशी?

वाशीकर: आपोआप अंदाज देणाऱ्या साधनांवर विसंबू नका, त्यांना स्थानिक गिऱ्हाईक कळत नाही. नेमबायोवर (विकल्या गेलेल्या डोमेनच्या किमती नोंदवणारं संकेतस्थळ) तशाच शब्दांचे डॉट इनमधले जुने सौदे बघा. डॉट कॉमचा भाव इथे लावू नका. वेबॅक मशीनवर (वेबसाइटची जुनी पानं साठवणारं संकेतस्थळ) नावाचा इतिहासही तपासा. पूर्वी त्यावर स्पॅम असेल तर जाणकार हात लावत नाही.

घणसोलीकर: रिकामं पार्किंग पान (साइट न बनवता नाव नुसतं राखून ठेवलं की दिसतं ते) आधी काढा. गळतीची कारणं, चौरस फुटाचा दर, चौकशीचा फॉर्म टाका, गूगलचं सर्च कन्सोल (शोधातून किती लोक येतात ते दाखवणारं साधन) जोडा. मे-जूनमधल्या खऱ्या चौकशा दाखवल्यात की वॉटरप्रूफिंगवाला स्वतःहून बोलतो. नावात कुणाचा ट्रेडमार्क मात्र नको, आयएनडीआरपी (डॉट इन नावांचे वाद सोडवायची पद्धत) तक्रारीत नावच हातचं जाऊ शकतं.

ठाणेकर: आधी पैसे की ट्रान्सफर?

वाशीकर: एस्क्रोच, म्हणजे नाव ट्रान्सफर होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे. नावाच्या नोंदणीची मुदतही संपू देऊ नका.