विवाहबाह्य संबंध, पैसा आणि खून : रहस्य नेमके कशाचे राखावे?

प्रश्न : कथालेखक

नमस्कार. मी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे आणि तिच्या मांडणीबाबत जाणकारांचे मत हवे आहे. कथेत मुख्य पात्रे तीनच आहेत : एक उद्योजक, त्याची पत्नी आणि त्याचा व्यवसायातील भागीदार. पत्नी आणि भागीदार यांचे संबंध जुळलेले आहेत, वरून भरभराटीला आलेला दिसणारा व्यवसाय आतून कर्जाने पोखरलेला आहे, आणि उद्योजकाच्या नावावर मोठ्या रकमेचा आयुर्विमा आहे. एका रात्री तो घराच्या जिन्यावरून पडून मरण पावतो. पोलीस प्रथम अपघाती मृत्यूची नोंद करतात. परंतु डोक्यावरील जखमा पडण्याच्या दिशेशी जुळत नाहीत असे शवविच्छेदनात दिसते आणि तेथून तपास खुनाकडे वळतो.

अडचण अशी, की पहिल्या खर्ड्यात मी खुनी कोण हे शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून ठेवले आहे. पण ज्यांनी ज्यांनी खर्डा वाचला, त्यांनी विम्याचा उल्लेख येताच पत्नीकडे बोट दाखवले. संशय विभागला जावा म्हणून घरातला जुना नोकर आणि एक सावकार अशी दोन पात्रे घातली आहेत, पण ती केवळ संशयासाठी आणलेली आहेत हे लपत नाही. मग गुन्हेगार आरंभीच उघड करून टाकावा का? तसे केल्यास वाचकाने पुढची सगळी पाने कशाच्या ओढीने वाचायची? विम्याचा पैसा प्रत्यक्षात कसा मिळतो आणि कुठे अडतो, हेही नीट समजून घ्यायचे आहे, कारण संपूर्ण कथानक त्या पैशाभोवती फिरते.

प्रतिसाद : जुना वाचक

नोकर आणि सावकार दोघांनाही काढून टाका, असे मी स्पष्टपणे सुचवेन. ज्या कथेत पती, पत्नी आणि प्रियकर असा त्रिकोण आहे आणि मध्ये पैसा आहे, तिथे वाचक पहिल्या काही पानांतच हिशेब मांडून मोकळा होतो. हा हिशेब चुकवण्यासाठी लेखक जितकी जास्त माणसे आणतो, तितका वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास उडत जातो. अशा कथेतला खरा ताण खून झाल्यानंतर सुरू होतो. ज्या दोघांनी एकत्र राहता यावे म्हणून एका माणसाला संपवले, त्यांना नेमके त्याच क्षणापासून एकत्र दिसणे परवडत नाही. भेटले तर संशय येणार आणि न भेटावे तर समोरचा माणूस आज कोणाशी काय बोलला हे कळायला मार्ग नाही. पूर्वी प्रेमापोटी केलेला फोन आता खात्री करून घेण्यासाठी केला जातो, आणि हा बदल दोघांनाही आवाजावरून कळतो. तुमच्याजवळची सर्वांत सकस सामग्री हीच आहे, असे मला मनापासून वाटते.

न्यूयॉर्कमधले रूथ स्नायडर आणि जड ग्रे यांचे १९२७ सालचे प्रकरण या दृष्टीने अवश्य अभ्यासावे. पतीच्या नावावर विमा, पत्नीचा प्रियकर, आणि घरात चोर शिरल्याचा बनाव असे तुमच्या कथेतले बहुतेक सगळे घटक तिथे आहेत. चोरांनी नेले म्हणून सांगितलेले दागिने पोलिसांना घरातच गादीखाली सापडले. घरात सापडलेल्या 'जे. जी.' या आद्याक्षरांची चौकशी झाली तेव्हा पत्नी दचकली आणि तिच्या तोंडून प्रियकराचे नाव निघून गेले, असे त्या तपासाच्या हकिगतींत येते. वास्तविक ती आद्याक्षरे पतीच्या एका दिवंगत वाग्दत्त वधूची होती. पुढे खटला दोघांवर एकत्रच चालला आणि प्रत्येकाने मुख्य दोष दुसऱ्याच्या माथी मारला. १२ जानेवारी १९२८ रोजी दोघांनाही विजेच्या खुर्चीवर देहदंड देण्यात आला. गुन्हेगार कोण हे त्या काळच्या वृत्तपत्रवाचकांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते, तरीही ते रोजच्या बातमीची वाट पाहत राहिले, कारण दोघांपैकी आधी कोण फुटेल आणि कोण कोणाला बुडवेल हे पाहण्याची ओढ शेवटपर्यंत टिकून होती.

तेव्हा खून आरंभीच दाखवा, दोघांचा सहभाग दाखवा, आणि मग त्यांना एकमेकांच्या धाकात जगायला लावा.

प्रतिसाद : दावे तपासणारा

मी आयुर्विम्याच्या दाव्यांचे काम पाहतो, म्हणून पैशापुरते लिहितो. रहस्यकथांमध्ये पती मरतो आणि पुढच्या प्रकरणात पत्नीच्या हाती धनादेश पडतो, हे मला नेहमी खटकते. दाव्याची पडताळणी मुख्यतः तारखांवर चालते. विमा घेतल्यानंतर थोड्याच काळात मृत्यू झाला, मृत्यूपूर्वी रक्कम वाढवली गेली, नामनिर्देशन अलीकडे बदलले, किंवा उत्पन्नाच्या मानाने हप्ता फारच मोठा आहे, यांपैकी एक गोष्ट जरी आढळली तरी फाईल वेगळी काढली जाते. शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा अंतिम अहवाल हाती येईपर्यंत ती बहुधा हलत नाही. ही वाट पाहण्याची मुदत तुमच्या पात्रांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण कर्ज देणारे त्या काळात थांबत नसतात.

दुसरी गोष्ट मूळ प्रस्ताव-अर्जाची. बनावट सही ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. स्वतःची सही करणारा माणूस ती एका दमात करतो. दुसऱ्याची सही गिरवणारा अक्षराच्या वळणावर किंचित थांबतो आणि तिथे शाईचा बारीक ठिपका उमटतो, शेवटच्या फराट्याला जोर राहत नाही, आणि एकाच अर्जावरच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यास तंतोतंत जुळतात. अस्सल सह्या कधीच इतक्या सारख्या नसतात. वर ज्या स्नायडर प्रकरणाचा उल्लेख झाला आहे, त्यातही पतीला पुरती कल्पना न देता त्याची सही घेतली गेली होती, आणि हिंसक मृत्यू आल्यास दुप्पट रक्कम देणारे कलम त्या विम्यात होते.

खुन्याला विम्याचा लाभ मिळू नये हे तत्त्व निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत दिसते. पण मग तो पैसा कोणाकडे जातो, हा प्रश्न लेखक सहसा विचारातच घेत नाहीत. इंग्लंडमध्ये १८८९ साली फ्लॉरेन्स मेब्रिक हिला पतीला सोमल (आर्सेनिक हे विष) घालून मारल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. पतीने तिच्या लाभासाठी दोन हजार पौंडांचा विमा घेतलेला होता. विमा कंपनीने रक्कम देण्यास नकार दिला, तेव्हा प्रकरण वरच्या न्यायालयात गेले आणि १८९२ च्या विधी-अहवालांत (न्यायालयीन निकालांच्या छापील संग्रहांत) प्रसिद्ध झालेल्या निकालाने असे ठरले, की पत्नीला त्यावर हक्क सांगता येणार नाही, परंतु एवढ्या कारणाने कंपनीची जबाबदारी संपत नाही; रक्कम मृताच्या इस्टेटीला मिळाली पाहिजे. म्हणजे खून उघडकीस आला तरी पैसा नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्या हाती जातो. तुमच्या उद्योजकाला मूल, भाऊ किंवा आधीची पत्नी असेल, तर पत्नी दोषी ठरण्यात त्यांचा आर्थिक लाभ आहे. संशय विभागण्यासाठी सावकार आणण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वाभाविक आहे.

प्रतिसाद : न्यायवाचन

जुना वाचक यांच्या प्रतिसादातील पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे, पण दोघांचाही सहभाग आरंभीच दाखवावा या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. त्याने कथेतला सर्वांत गंभीर प्रश्न हातचा जातो. एखाद्या स्त्रीने पतीशी प्रतारणा केली, यावरून तिने त्याचा जीव घेतला असे ठरत नाही. तरीही माणसे हे अंतर किती सहज ओलांडतात, ते तुमच्या खर्ड्याच्या वाचकांनीच दाखवून दिले आहे. विम्याचा उल्लेख येताच त्यांनी पत्नीकडे बोट दाखवले, याकडे आपण दोष म्हणून पाहत आहात. मला त्यातच कादंबरीचे बीज दिसते.

मेब्रिक खटल्यात नेमके हेच घडले होते. तिचे परपुरुषाशी संबंध होते हे खरे, आणि तिने माश्या मारण्याचे सोमलयुक्त कागद पाण्यात भिजत घातले होते हेही खरे. पण पतीला स्वतःलाच औषध म्हणून सोमल घेण्याची सवय होती, आणि त्याचेही बाहेर संबंध होते. न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे समारोप करताना तिच्या वर्तनावर इतका भर दिला, की त्यावर पुढे दीर्घकाळ टीका होत राहिली. तिची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि १९०४ मध्ये ती सुटली.

इंग्लंडमधल्याच एडिथ थॉम्प्सनच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये ती पतीबरोबर नाटक पाहून रात्री घरी परतत असताना तिचा प्रियकर फ्रेडरिक बायवॉटर्स याने वाटेत गाठून पतीला भोसकले. हल्ल्याच्या वेळी ती 'नको, नको' असे ओरडल्याचे शेजारच्या माणसाने ऐकले होते. तिने सुरा उचलला नव्हता, आणि तिला बेताची माहिती नव्हती असे बायवॉटर्स अखेरपर्यंत सांगत राहिला. परंतु बोटीवर नोकरीला असलेल्या त्या तरुणाने तिची पत्रे जपून ठेवली होती, आणि त्या पत्रांत पतीच्या अन्नात काचेचा चुरा घातल्याच्या गोष्टी तिने लिहिल्या होत्या. शवविच्छेदनात काचेचा वा विषाचा काहीही पुरावा मिळाला नाही. तरीही पत्रे न्यायालयात वाचली गेली आणि ९ जानेवारी १९२३ रोजी दोघांनाही फाशी देण्यात आले. ती पत्रे म्हणजे खरोखरची चिथावणी होती, की दूर गेलेल्या प्रियकराला आपल्याशी बांधून ठेवण्यासाठी रचलेल्या कल्पना होत्या, यावर आजही मतभेद आहेत. आज एखादी व्यक्ती फोनवरच्या संदेशात रागाच्या भरात जे लिहून जाते, त्याचा अर्थ तिच्या पश्चात दुसरेच कोणीतरी लावणार असते, याचा विचार मला या खटल्याच्या संदर्भात फार अस्वस्थ करतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे : भागीदाराने धक्का दिला हे लपवू नका, परंतु पत्नीला किती ठाऊक होते हे अखेरपर्यंत वाचकाला ठरवू द्या. तिने त्या रात्री जिन्यावरचा दिवा बंद ठेवला, तो सवयीने की कोणाच्या सांगण्यावरून, एवढा एकच तपशील संपूर्ण कादंबरी पेलू शकतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : कथालेखक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोकर आणि सावकार दोघेही वगळत आहे. पत्नीच्या माहितीचे प्रमाण हेच रहस्य ठेवायचे, ही कल्पना मला अतिशय पटली. पण त्यातून दोन शंका निघतात. निवेदन कोणाच्या दृष्टीतून ठेवावे? पत्नीच्या मनात शिरलो तर तिला काय ठाऊक आहे हे दडवणे ही वाचकाची फसवणूक ठरेल. आणि विमा पत्नीच्या नावे असेल, तर वाचकाचा संशय इतका घट्ट होतो की संदिग्धतेला जागाच उरत नाही. यावर काही तोड आहे का?

प्रतिसाद : जुना वाचक

निवेदन भागीदाराच्या दृष्टीतून ठेवा. खून त्याने केला आहे, म्हणून त्याच्यापासून किंवा वाचकापासून काही दडवण्याचे कारण उरत नाही. आणि तिला किती ठाऊक होते हे त्यालाही निश्चित माहीत नाही. आपण तिच्यासाठी हे केले असे त्याने धरून चालावे, आणि तिने तसे मागितले होते का, हे आठवण्यासाठी तो तिचे प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा तपासत राहावा. न्यायवाचन यांचा आक्षेप मला योग्य वाटतो, आणि या मांडणीत तो पूर्णपणे सामावला जातो.

प्रतिसाद : दावे तपासणारा

विम्याच्या शंकेवर सरळ उपाय आहे. दुसऱ्याच्या आयुष्याचा विमा घेण्यासाठी त्याच्या जगण्यात आपला कायदेशीर हितसंबंध असावा लागतो. ब्रिटनमध्ये तर अनोळखी माणसांच्या आयुष्यांवर चालणारी सट्टेबाजी थांबवण्यासाठी १७७४ सालीच तसा कायदा झाला होता. भागीदारांचा एकमेकांच्या आयुष्यात असा हितसंबंध मानला जातो, त्यामुळे अनेक व्यवसायांत ते परस्परांचा विमा रीतसर उतरवतात. एकाचा मृत्यू झाल्यास आलेल्या रकमेतून दुसऱ्याने त्याचा हिस्सा वारसांकडून विकत घ्यावा, असा त्यामागचा हेतू असतो. आपल्या कथेतला मोठा विमा हा असू द्या. तो पतीने स्वतःच्या हाताने, सगळे सुरळीत असताना, वकिलासमोर सही करून घेतलेला असावा.

यामुळे पैसा प्रथम भागीदाराकडे येतो आणि करारानुसार पत्नीला हिस्स्याची किंमत मिळते; पण व्यवसाय कर्जात बुडालेला असल्याने त्या हिस्स्याची किंमत काय लावायची, हे कराराच्या ज्या कलमावर ठरते ते भागीदारानेच दोन वर्षांपूर्वी दुरुस्त करून घेतलेले असावे. पत्नीला ही दुरुस्ती दाव्याची कागदपत्रे तिच्यासमोर येतात तेव्हा प्रथम कळते. आपल्या पतीचा खून आपल्या प्रेमापोटी झाला की या कलमापोटी, हा प्रश्न तिला तिथे पडेल, आणि भागीदार निवेदक असल्यामुळे ती तो कागद वाचत असताना त्याला केवळ तिचा चेहरा दिसत असेल.