लॅम्बंट : चाटणारा, लवलवणारा की नुसता मंद?

सांजवात
एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. खोलीत फायरप्लेस पेटलेली आहे आणि तिचा उजेड भिंतीवर, पुस्तकांवर, म्हातारीच्या चेहऱ्यावर खेळतोय. मुळात त्या उजेडाला 'लॅम्बंट' म्हटलंय. मी 'लवलवता उजेड' लिहिलं. संपादकांनी खोडून 'मंद' केलं. त्यांच्या मते लवलवते ती जीभ, नाहीतर तलवारीचं पातं. पण 'मंद' म्हटलं की हालचालच गेली! 'मिणमिणता' म्हणजे तेल संपत आलेला. 'लुकलुकता' लांबचा, ताऱ्यांचा नाहीतर काजव्यांचा. 'फडफडता' विझायला टेकलेला. मला हवा तो उजेड जवळचा आहे, हलता आहे आणि विझायच्या बेतात अजिबात नाही. काय लिहू?

तळटीप
संपादक अर्थाला चुकले, पण तुमचा शब्दही धोक्याचा आहे. लॅम्बंट आला लॅटिनमधल्या 'लाम्बेरे'वरून, म्हणजे चाटणे. इंग्रजीत सतराव्या शतकात आला तो ज्वाळेसाठीच : वस्तूला वरवर स्पर्श करत फिरणारी, पण न जाळणारी ज्वाळा. रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉय जळत असताना नायक ईनियसच्या लहानग्या मुलाच्या डोक्यावर अचानक ज्योत उमटते आणि त्याचे केस चाटत कानशिलांभोवती फिरते. घरचे घाबरून पाणी ओततात, आजोबा मात्र शुभशकुन म्हणून आनंदतात. तिथे मुळात 'लाम्बेरे' हेच क्रियापद आहे, आणि इंग्रज कवी ड्रायडनने १६९७च्या भाषांतरात नेमका 'लॅम्बंट' वापरलाय. सौम्य चमक, हलकीफुलकी विनोदबुद्धी हे अर्थ नंतरचे.

गच्चीवरून
मला हा शब्द आपल्या 'लंब'चा भाऊ वाटत आलाय. लामणदिवा बघा! लंबमान, लोंबणारा दिवा. लॅम्प, लॅम्बंट, लामण, सगळ्यांत तोच ध्वनी आणि सगळीकडे उजेड. योगायोग इतका असतो का?

तळटीप
असतो. लामणदिव्यातला लंब लोंबण्याचा आहे, त्यात उजेड फक्त 'दिवा' या शब्दात. लॅम्प ग्रीकमधून आला, तिथे धातूचा अर्थ प्रकाशणे. लाम्बेरे चाटण्याचा. तीन घरं, तिघांची ओळखसुद्धा नाही. चाटण्यातलं नातंच हवं असेल तर संस्कृत 'लिह्' आणि इंग्रजी 'लिक्' ही खरी भावंडं. च्यवनप्राशाला अवलेह म्हणतात त्यातला हा लिह्. लाम्बेरे त्याहून वेगळा.

पोथीवाला
मग संस्कृतातूनच शब्द घ्या की! गीतेच्या अकराव्या अध्यायात 'लेलिह्यसे ग्रसमानः समन्तात्' आहे. मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिभा सांगितल्यात, काली, कराली, मनोजवा वगैरे, आणि त्यांना विशेषण आहे 'लेलायमाना', म्हणजे सतत हलणाऱ्या. 'लेलायमान उजेड' लिहा. इतका नेमका शब्द घरात असताना शोधाशोध कशाला?

चौथा मजला
आणि कथेखाली टीप द्या, लेलायमान म्हणजे काय ते! अहो, म्हातारी शेकत बसलीय आणि वाचक कोश उघडून. शिवाय गीतेतलं ते चाटणं विश्वरूपाचं आहे, जळत्या तोंडांनी सगळे लोक गिळत चाललेलं. या खोलीत ते आणू नका.

पोथीवाला
'महापौर' हा सावरकरांचा शब्द. आज कुणाला त्याची टीप लागते? वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

चौथा मजला
महापौर रोज पेपरात येतो म्हणून रुळला. लॅम्बंट इंग्रजीतसुद्धा कुणी रोज बोलत नाही.

सांजवात
भांडू नका ना. चौथा मजला, तुमचा मुद्दा 'लवलवता'लाही लागू होतो का? 'जीभ लवलवते' यात हावरेपणा आहे हे मला पटतंय. पण 'वीज लवते', 'पापणी लवते' यात कुठे आहे?

गच्चीवरून
तेच तर! 'लवून नमस्कार' मधला लवणेही तोच असणार. ज्योत वाऱ्याने लवते, म्हणजे वाकते, पुन्हा सरळ होते, ते वेगाने झालं की लवलवणे. चाटण्याशी संबंधच नाही.

तळटीप
वाकण्याचा लवणे आणि विजेचा लवणे एकच, हे नुसत्या उच्चारावरून ठरत नाही. पण कल्पना छान आहे. इंग्रजीत ज्योतीच्या थरथरण्याला 'फ्लिकर' म्हणतात, त्याचंही असंच : जुन्या इंग्रजीत तो पंखांच्या फडफडीचा शब्द होता, ज्योतीकडे नंतर गेला. आपणही दिवा 'फडफडतो' म्हणतो, कुणाकडून न घेता.

माजघर
तुम्हा सगळ्यांना एक सुचवते. आरतीचं तबक आठवा. कापराची वडी संपत आली की ज्योत उभी राहत नाही. पसरट होते, तळावर सरकत सरकत कडेला जाते, एका जागी निळसर, दुसरीकडे पिवळी. आपण त्यावरून झरकन हात फिरवतो, पोळत नाही. तुमच्या लॅटिन पोराच्या डोक्यावरची ज्योत ती हीच असणार. आमच्याकडे आजी म्हणायची, 'कापूर खेळतोय.' मी 'खेळता उजेड' लिहीन. सांजवातताई, तुम्ही स्वतःच प्रश्नात 'उजेड खेळतोय' असं लिहिलंय!

पोथीवाला
'खेळता' फार साधा. 'खेळती हवा' जाहिरातीतल्या फ्लॅटमध्ये असते.

चौथा मजला
साधा आहे म्हणूनच चालेल. माजघर, तुमच्या आजी कापूर 'विझला' म्हणायच्या का? आमच्याकडे तो शब्द देवापुढे चालत नसे. दिवा मालवायचा, नाहीतर शांत करायचा.

माजघर
छे, 'विझला' कधीच नाही. 'निवाला' म्हणायची. बांगडी फुटत नाही, वाढते, तसंच.

गच्चीवरून
नारळ वाढवतात, दुकानही वाढवतात. पण 'मालवणे' कुठून आला? मावळणे उलटापालट होऊन मालवणे झाला असेल का? सूर्य मावळतो, दिवा मालवतो.

तळटीप
अक्षरांची अशी अदलाबदल होते खरी, पण 'मालवणे' हे दुसऱ्याने करायचं काम आहे आणि 'मावळणे' आपोआप घडणारं. आधी त्याचा उलगडा करा.

गच्चीवरून
का? 'दिवा मालवला' दोन्ही अर्थांनी म्हणतात की. 'प्राणज्योत मालवली' यात मालवणारा कोण?