ओमानने थोरल्या मुलालाच युवराज ठरवून टाकलं, पटतंय का तुम्हाला?

मस्कतवाला: सुलतान काबूस १० जानेवारी २०२० ला गेले, जवळपास ५० वर्षं राज्य केलं, मूलबाळ नाही आणि वारसही जाहीर केलेला नाही. तेव्हा नियम असा होता की राजघराण्याने ३ दिवसांत नाव ठरवायचं, नाही जमलं तर काबूसनी लिहून ठेवलेलं पाकीट फोडायचं. घराणं म्हणालं पाकीटच फोडा, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, चुलतभाऊ हैथम बिन तारिक यांचं नाव निघालं, कुठे गडबड नाही. मग जानेवारी २०२१ मध्ये कायदाच बदलला, थोरला मुलगा युवराज! पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा उमर, त्यांनी ६४४ मध्ये मरणाच्या दारात असताना पुढचा खलिफा ठरवायला ६ जण निवडले, त्यांनाही मुदत ३ दिवसांचीच, आणि स्वतःच्या मुलाला फक्त सल्ल्यापुरतं बसवलं, पद त्याला नाही. ओमानच्या इबाजी परंपरेत (इस्लामचा तिथला पंथ) तर इमाम, म्हणजे प्रमुख, निवडायचेच. हे सगळं सोडून द्यायचं?

साधा_वाचक: पाकिटावर निभावलं म्हणून ती पद्धत चांगली होत नाही हो. आत कोणाचं नाव आहे ते कोणालाच माहीत नाही, म्हणजे त्या माणसाची तयारी कोण करून घेणार? हैथम यांचा थोरला मुलगा थियाझिन बिन हैथमना २०२० लाच संस्कृती, क्रीडा आणि युवक खातं दिलं, काम करत करत शिकतील. आणि काबूस स्वतः १९७० मध्ये वडिलांना हटवून आले होते, ते विसरू नका.

पानं_चाळणारी: सहमत. उमरनी नेमलेल्या त्या ६ जणांतून उस्मान खलिफा निवडले गेले आणि ६५६ मध्ये त्यांची हत्या झाली, पुढे यादवीच. निवड झाली म्हणून शांतता राहतेच असं कुठंय?

मस्कतवाला: ताई, आणि मुलाला नेमल्यावर काय झालं? पुढचे खलिफा मुआविया, त्यांनी मुलगा यझीदला नेमलं आणि ६८० मध्ये करबला घडलं, पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. लोकांची संमतीच नसेल तर नाव आधी जाहीर करून काय उपयोग.

क्वालालंपूरहून: आमच्याकडे मलेशियात ९ राज्यांचे वंशपरंपरागत राज्यकर्ते आळीपाळीने ५-५ वर्षं देशाचे राजे होतात, १९५७ पासून चाललंय, पुढचा कोण याचा अंदाज लोकांना आधीच असतो.

साधा_वाचक: पण तिथे कारभार पंतप्रधान बघतो, ओमानमध्ये सगळं सुलतानाच्या हातात, तुलना कशी करणार?

मस्कतवाला: म्हणूनच तर म्हणतोय! युवराज ठरवा, शिकवा, माझी हरकत नाही, पण ओमानची मजलिस अल शूरा, म्हणजे सल्लागार सभा, लोकांनी निवडलेली आहे, २००३ पासून २१ वर्षांवरच्या सगळ्या नागरिकांना मत आहे, मग युवराजाच्या नावावर निदान तिची मंजुरी तरी घ्या ना.

साधा_वाचक: आणि मजलिसने नाही म्हटलं तर? गादी किती दिवस रिकामी ठेवायची, ते आधी सांगा.