‘तमस’चं संगीत: थोर म्हणायची सवय झाली आहे का आपल्याला?

रामदासपेठ_रेडिओ
वाद घालायलाच आलोय, आधीच सांगतो. ‘तमस’चं संगीत थोर आहे असं जो तो म्हणतो. काय आठवतं विचारलं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवते, शीर्षकातली ती ‘ओ रब्बा’ अशी किंकाळी. जवळपास पाच तासांच्या कामातलं आणखी काही सांगा म्हटलं की सगळे गप्प.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, फाळणीच्या तोंडावरचा पंजाब. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर भागाभागांनी आलं, पुढे सलग चित्रपट म्हणूनही दाखवलं गेलं. संगीत वनराज भाटियांचं.

आता नथ्थू डुक्कर मारतो तो प्रसंग आठवा. बंद कोठडी, मिणमिणता दिवा, जनावराचं गुरगुरणं आणि ओम पुरीची धाप. अंगावर काटा येतो तो त्या धापेने. ज्या दिग्दर्शकाला आवाजाची एवढी जाण आहे, त्याने प्रत्येक भागाच्या तोंडाशी माझ्या कानात किंकाळी का मारावी? घाबरायचं आहे हे मला आधीच बजावून ठेवलं, मग मी स्वतःहून घाबरायचं कधी?

तुलनेला सत्यजित राय यांची ‘सद्गती’ घ्या. तीही दूरदर्शनचीच, १९८१ ची, प्रेमचंदांच्या कथेवरची. त्यातही ओम पुरीच. चित्रीकरणही आपल्या नागपूरच्या शेजारी, रायपूरकडचं. संगीत खुद्द रायांचं, पण कानात काय राहतं? गाठाळ ओंडक्यावर पडणारी कुऱ्हाड. संगीतकाराने मागे कसं सरावं ते तिथे शिकावं.

कॉटनमार्केट_साउंड
भाऊ, तुम्ही हे हेडफोन लावून ऐकून राहिले काय?

अठ्ठ्याऐंशी सालचा टीव्ही आठवा जरा. लाकडी शटरचा डबा आणि त्यात तळहाताएवढा एकच स्पीकर. असल्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत. चेलो वाजवा का नगारा, बाहेर नुसती भरभर येते. आरपार जाते ती माणसाच्या गळ्याची वरची पट्टी. आमचा धंदाच आहे हा. मांडवात भोंगा लावला की तबला गायब होते, पण बाईचा आवाज चौकाच्या पार जाते. टीव्हीसाठी संगीत करणारा शहाणा माणूस गळाच वापरणार ना? तुम्ही ज्याला आरडाओरडा म्हणता, तो त्या डब्याचा विचार करून केलेला हिशेब आहे.

आणि ‘सद्गती’ तासाभराच्या आत संपते. पाच तास नुसत्या कुऱ्हाडीवर काढून दाखवा, मग बोलू.

तिसरी_घंटा
मी रेडिओभाऊंच्या बाजूने. स्पीकरचा हिशेब मान्य, पण त्याने किंकाळी ऐकू का येते ते कळलं. ती हवी होती का, हा प्रश्न तसाच राहिला.

माझा राग वेगळाच आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बरीच वर्षं पार्श्वसंगीत वाजवतोय. सायंटिफिक सभागृहाच्या विंगेत बसून जी काही नाटकं ऐकली, त्यात दंगल आली रे आली की अंधार, लाल स्पॉट आणि एका बाईचा लांबलचक ताना-बिनाशिवायचा आकांत. दिग्दर्शकाला विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘तमससारखं काहीतरी द्या ना!’ भाटियांचा यात दोष नाही, हे मलाही कळतं. पण एखादी गोष्ट इतकी सहज उचलता येते तेव्हा ती मुळातच थोडी ढोबळ असते, असं माझं मत आहे. ‘मंथन’ चित्रपटातलं त्यांचं काम घ्या. ते कोणी असं उचलून कुठेही चिकटवू शकला नाही.

महालातली_पेटी
तिसरी घंटा, असं असेल तर भैरवीही ढोबळच म्हणायची. कोणीही उचलतं आणि कुठेही चिकटवतं.

भाटियांबद्दल एक गोष्ट इथे कोणी काढली नाही. हा माणूस लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकला, मग पॅरिसला नादिया बुलांजें या नामवंत संगीतगुरूंकडे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रीतसर तालीम. त्यांनी मनात आणलं असतं तर दंगलीवर व्हायोलिनांचा ताफा सोडून मोकळे झाले असते, तेव्हाच्या हिंदी सिनेमात तेच चालायचं. त्याऐवजी ‘तमस’च्या दाराशी त्यांनी एकटा मानवी आवाज उभा केला. पंजाबात मयतावर बायका जमून छाती पिटत आकांत करतात, त्याला स्यापा म्हणतात. मला त्या शीर्षकात तो ऐकू येतो. घाबरवण्यासाठीची किंकाळी वेगळी आणि शोक वेगळा. शोकात देवाला हाक असते, जाबही असतो. रेडिओभाऊ, तुम्ही शोकाला भयपट समजून बसलात.

(आणि याच माणसाने लिरिल साबणाच्या जाहिरातीचं संगीत केलं होतं. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा, मजा येते.)

रामदासपेठ_रेडिओ
पेटीताई, स्यापा सामूहिक असतो हे तुम्हीच लिहिलंत. इथे आवाज एकटा आहे. मग स्यापा कुठे राहिला?

महालातली_पेटी
बाकीच्या बायका विहिरीत गेल्यात ना.

कॉटनमार्केट_साउंड
😐 खतम.

रामदासपेठ_रेडिओ
वाक्य जबरदस्त आहे, पण ते तुमचं आहे, भाटियांचं नाही. गुरुद्वारातून जसबीरच्या मागोमाग बायका जीव द्यायला विहिरीकडे निघतात तो प्रसंग शीर्षकानंतर कितीतरी वेळाने येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला शीर्षकाच्या वेळी काय ठाऊक?

जरीपटका_नाका
आम्ही सिंधी. आजोबा-आजी सत्तेचाळीसनंतर इथे आले. आमच्याकडे ‘तमस’ लागायचं तेव्हा आजी समोर बसायची नाही, स्वयंपाकघरात असायची. शीर्षकातली ती हाक आली की हात पुसत बाहेर यायची, दारात उभी राहायची, चित्र सुरू झालं की परत आत. माझ्या वडिलांनी एकदा विचारलं, बघायचं नाही तर येतेस कशाला? म्हणाली, दंगा नाही बघायचा मला, रडतंय कोण ते बघायला येते.

तिला आधीचं काही ठाऊक असायची गरज पडली नाही. बाकी तुमचं चालू द्या.

तिसरी_घंटा
आजींना नमस्कार. पण बाहेरून आलेल्यांच्या घरात ती हाक पोहोचली, एवढ्यावरून संगीत म्हणून ती उत्तम होती असं ठरत नाही. आगीचा बंबही घराघरात पोहोचतो.

जरीपटका_नाका
बंब ऐकून कोणी ‘कोण रडतंय’ विचारत नाही, दादा.

गोकुळपेठ_जुना_मेंबर
संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, सुरेखा सिक्रींनाही ‘तमस’मधल्या अभिनयासाठी मिळाला. वाद कशावर चाललाय तेच समजेना.

रामदासपेठ_रेडिओ
मेंबर काका, पुरस्काराने वाद मिटत असते तर नागपुरात कट्टे कशाला लागले असते?

मुद्द्यावर येतो. माझी सर्वांत मोठी साक्ष खुद्द शेवटाची आहे. निर्वासितांची छावणी. कर्मोला, म्हणजे नथ्थूच्या बायकोला, मूल होतं. बाहेर बसलेल्या हरनाम सिंग आणि त्याची बायको बंतोला बाळाचं रडणं ऐकू येतं आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या घोषणा. हरनाम सिंगच्या भूमिकेत स्वतः भीष्म साहनी. भिवंडीच्या १९७० च्या दंगलीनंतर तिथे गेल्यावर ज्याला आपलं रावळपिंडी आठवलं आणि ज्याने ही कादंबरी लिहिली, तोच माणूस बसून ते रडणं ऐकतोय. यावर कुठलं वाद्य काय सांगणार? बाळ आणि जमाव, एवढं पुरतं. हे शेवटी कळलं, तर सुरुवातीला का नाही कळलं?

महालातली_पेटी
कारण ती जोडी आहे! सुरुवातीला एक हाक, तिच्यात देवाचं नाव. शेवटी एक हाक, तिच्यात शब्दच नाही, आणि देवाची नावं गेलीत बाहेरच्या घोषणांमध्ये. पहिली हाक नसेल तर शेवटचं रडणं नुसतं बाळाचं रडणं राहतं. तुमची साक्ष माझ्याच बाजूने बोलतेय.

रामदासपेठ_रेडिओ
जोडी सलग बघणाऱ्याला दिसेल. तेव्हा भागाभागांनी पाहिलं होतं लोकांनी, मध्ये वीजही जायची. पहिली हाक शेवटच्या रडण्याशी जोडायला कानात टिकायला तर हवी.

कॉटनमार्केट_साउंड
दर भागाला पुन्हा वाजवत होते ते काहून मग?

तिसरी_घंटा
हे मात्र खरं. भागांच्या मालिकेत शीर्षक परत परत वाजणारच, आणि त्या परत वाजण्याचा उपयोग भाटियांनी करून घेतला असेल तर माझी तक्रार अर्धी होते. उरलेली अर्धी स्पर्धेतल्या दिग्दर्शकांवर. यंदा कोणी ‘तमससारखं’ मागितलं की त्याला आधी शेवटचा भाग बघून यायला सांगणार आहे.

रामदासपेठ_रेडिओ
फितूर!
मी ‘सद्गती’वरून हलत नाही. त्यावर वेगळा धागा काढतो, पेटीताईंनी तयारीने यावं.