जेफरसन नास्तिक होता का?

प्रश्न: धरमपेठेतल्या आमच्या वाचक मंडळात रविवारी अमेरिकेचा एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्यावर चर्चा आहे. त्याने बायबल कापलं म्हणतात. मग तो नास्तिकच ना?

उत्तर १: नाही भाऊ. देव मानायचा, चमत्कार नाही. सत्तरी ओलांडल्यावर, 1820 च्या सुमारास, त्याने बायबलच्या नव्या करारातले येशूच्या शिकवणीचे उतारे पात्याने कापून कोऱ्या कागदांवर चिकटवले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी शेजारीशेजारी. छपाई पाठपोट, त्यामुळे एक वचन कापलं की मागचं गेलंच! म्हणून प्रत्येक आवृत्तीच्या दोन प्रती घेतल्या. शेवट येशूच्या थडग्यावर धोंडा लोटतात तिथे. पुनरुत्थान, म्हणजे त्याचं पुन्हा जिवंत होणं, नाहीच.

उत्तर २: धर्म आणि राज्य यांच्यातली 'भिंत' अमेरिकेच्या संविधानात शोधू नका, तिथे तो शब्द नाही. तो आहे जेफरसनने 1 जानेवारी 1802 ला डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांना (एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांना) लिहिलेल्या पत्रात. ही चूक फार होते.

उत्तर ३: उत्तर २ वाल्या ताईंचं बरोबर. पण चारित्र्यावर बोलणार असाल तर गुलामगिरी टाळू नका. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्याने आयुष्यात 600 हून अधिक माणसं गुलाम ठेवली, मुक्त केली ती मोजकीच. मला हे त्याच्या श्रद्धेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कबरीवर मात्र व्हर्जिनिया राज्याच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा उल्लेख कोरलाय, राष्ट्राध्यक्षपदाचा नाही.